शेंडेताईंची बॅच

आमच्या पोहण्याच्या टँकच्या कमिटीतली माणसं शेंडेताईंचं नाव निघालं की अजून हसतात. ‘ती कंडक्टरबाई ना? बापरे, काय तोंड होतं!’ असं म्हणतात आणि चहाचा पुढचा घोट घेतात. त्या वेळी मला त्यांच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटतो. घेत नाही. मी नागपूरच्या धरमपेठेत वाढलेली बाई आहे. आम्हाला राग आला की आम्ही कपाटं आवरतो. गेल्या वर्षभरात माझी सगळी कपाटं आवरून झाली आहेत, म्हणून आता लिहायला बसले.

शेंडेताई एस.टी.त कंडक्टर. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. माहेर कुहीकडलं. गावाला मोठा तलाव आणि घरचा धंदा शिंगाड्यांचा. आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडायची आणि ही पोरगी पालथी कळशी पोटाशी धरून तिच्या मागेमागे तरंगायची. एक दिवस कळशी हातातून सुटली आणि पोहणं आलं, एवढाच त्यांच्या पोहण्याचा इतिहास. त्यामुळे त्या मान पाण्याबाहेर ठेवून पोहत. आमचा कोच एकदा काठावरून म्हणाला, “ताई, मान खाली घाला. अशी म्हैस पोहते.”

“म्हैस बुडाली असं ऐकलं काय गा कधी?” ताई पोहता पोहताच म्हणाल्या. कोच पुन्हा त्यांच्या वाटेला गेला नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती त्यांच्या ओरडण्यातूनच. कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं, म्हणून मी सकाळी सहा ते सातच्या बायकांच्या बॅचला नाव घातलं. तीन महिने मी काठाचा स्टीलचा रॉड धरून नुसते पाय मारत होते. कोणी काही बोलत नव्हतं. बाकीच्या बायका ‘छान जमतंय हं’ म्हणून पुढे जात. एक दिवस ही बाई माझ्याजवळ येऊन थांबली. माझी बोटं तिनं एकेक करून रॉडवरून सोडवली, अगदी करंगळीपासून.

“तीन महिन्यापासून पाहून राहिली मी. रॉड धरून पोहता येते काय कोणाले? एवढी शिकलेली बाई तुम्ही, आन् लोखंडाले लटकून बसल्या!”

मी बुडाले, पाणी गिळलं, त्यांच्या खांद्याला ओरखडे काढले. पंधरा दिवसांत पोहायला लागले. कौतुक मात्र वाट्याला आलं नाही. पहिल्यांदा टँकची पूर्ण लांबी पोहून गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “आता वापस कोण येईन?”

त्यांचं सगळं असंच. त्या रागावल्या नसल्या की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. उशिरा आलेल्या बाईला झापत, पाण्यात थुंकणारीला तर बाहेर काढून उभं करत. एका मोठ्या साहेबांच्या सौभाग्यवती तेल चोपडून आंघोळ न करता पाण्यात उतरल्या, तेव्हा “पकोडे तळाचे हाय का इथं?” म्हणून त्यांना शॉवरखाली पाठवलं. सहा वाजता आणि सात वाजता त्या पाण्यातली डोकी मोजत. “एक, दोन… अकरा. हाव, निघा आता.” आम्ही अकराजणी होतो. पोहून झालं की पायऱ्यांवर बसून डब्यातले उकडलेले शिंगाडे सगळ्यांना देत, आणि कोणी ‘नको’ म्हटलं की त्यावरही रागावत.

ताईंकडे एक प्लास्टिकची फाईल होती. लोक घरी आलेल्यांना जसा पोरांचा बक्षिसांचा अल्बम दाखवतात, तशी त्या ती दाखवत. तिच्यात त्यांना नोकरीत मिळालेले मेमो होते, तारखेनुसार लावलेले. एक त्यांचा फार लाडका होता. त्या रामटेकच्या गाडीवर असताना वाटेत एका फाट्यावर शाळेच्या पोरी उभ्या राहायच्या. तिथं थांबा नव्हता. ड्रायव्हर गाडी थांबवेना, आणि ताई रोज घंटी मारून थांबवायच्या. तक्रार झाली. साहेबांनी बोलावून नियमांचं पुस्तक समोर ठेवलं आणि ‘तिथं थांबा आहे का, दाखवा’ म्हणाले.

“मी म्हटलं, साहेब, कागदावर थांबा नाही, पण पोरी उभ्या हायेत. मले दिसून राहिल्या. तुमच्या पुस्तकाले दिसत नसन तं मी काय करू?”

मेमो मिळाला. गाडी पुढेही थांबतच राहिली. हे सांगताना ताई हसायच्या नाहीत. ही गोष्ट गमतीची आहे असं त्यांना वाटायचंच नाही, आणि ऐकून आम्ही हसलो की त्यांना आमचाही राग यायचा.

तर, आमची ही बॅच कमिटीच्या डोळ्यांत खुपायला लागली. शहरात मुलांची एक पोहण्याची अकॅडमी निघाली होती. तिला सकाळची सहाची वेळ हवी होती. आमच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेत उठून सांगितलं की बायकांनी दुपारी दोन ते तीन यावं. नागपुरात, दुपारी दोनला! एप्रिल-मे महिन्यात त्या वेळी इथं कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही. शिवाय आमच्यातल्या निम्म्याजणी नोकरीवाल्या. आम्ही कुजबुजलो, पदर सारखे केले, एकमेकींकडे बघितलं. शेंडेताई उभ्या राहिल्या.

“आमची वेळ काहून काढता?”

“हे पहा ताई,” अध्यक्ष गोड हसले. त्यांचं हसू फार गोड होतं आणि मला ते कधीच आवडलं नाही. “आपल्याला इथं स्पोर्ट्स वाढवायचे आहेत. तुम्ही मंडळी नुसत्या डुंबता. आता फेब्रुवारीत आपण ट्रायथलॉन घेतोय. तुमच्यातली एक तरी बाई ती वेळेत पूर्ण करून दाखवा, मी बॅचला हात लावणार नाही. माझा शब्द आहे.”

सभेत हशा पिकला. ट्रायथलॉन म्हणजे आधी तलावात साडेसातशे मीटर पोहायचं, बाहेर येऊन लगेच वीस किलोमीटर सायकल चालवायची, आणि सायकल टाकून पाच किलोमीटर धावायचं. हे सगळं अडीच तासांत. हशा थांबेपर्यंत ताई उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, “लिहा माझं नाव.”

पुढचे तीन महिने ती बाई काय जगली, ते मी जवळून पाहिलं. ड्यूटी संपली की डेपोच्या मागच्या मैदानात धावायच्या, खाकी सलवारीवर कॅनव्हासचे बूट घालून. ड्रायव्हर लोक ओट्यावर बसून शिट्ट्या मारत. सायकल मुलीची जुनी, पुढे टोपली असलेली. टोपली काढायला सांगितलं तर म्हणाल्या, “टोपलीत पाण्याची बाटली राहते. ते काहून काढू?” सुट्टीच्या दिवशी त्या सायकलवर कुहीच्या रस्त्याला लागायच्या आणि माहेरच्या तलावात पोहून परत यायच्या. एकदा मी म्हटलं, “ताई, जिवाला जपा हो. एका बॅचसाठी एवढं?”

त्या माझ्यावर जेवढ्या भडकल्या तेवढ्या कधीच भडकल्या नव्हत्या. “वहिनी, दिवसभर मी लोकायले पुढे सरका, पुढे सरका म्हणते. घरी गेली का सासू, नवरा, पोरी. सकाळचा एक घंटा हाय माझ्याजवळ, ज्यात मले कोणी आवाज देत नाही. तुमच्याजवळ असे दहा घंटे असन. माझ्याजवळ एक हाय.”

मला तोवर ती फक्त पोहण्याची वेळ वाटत होती.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दहाजणी पहाटेच तलावावर गेलो. दीडेकशे स्पर्धक, त्यात बायका तीन. दोन तरुण मुली अंगाला घट्ट बसणाऱ्या ट्रायसूटमध्ये, आणि शेंडेताई सलवार-टीशर्टमध्ये. दंडावर मार्करनं ११४ लिहिलेलं. पायाला बांधायची एक पट्टी सगळ्यांना दिली होती, तिच्यात चिप. जागोजागी चटया अंथरल्या होत्या. त्यांच्यावरून गेलं की यंत्र टुंग वाजतं आणि कॉम्प्युटरला कळतं की हा नंबर इथून गेला.

पाण्यात सलवारीचा पाय फुगून वर येतो. तसं होऊ नये म्हणून ताईंनी ती पट्टी सलवारीच्या वरून, घोट्यावर करकचून आवळली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

बायकांना कपडे बदलायला जागा नव्हती. मी जाऊन विचारलं. हातात वॉकीटॉकी घेतलेला एक माणूस म्हणाला, “आंटी, ट्रायसूटमध्ये बदलावं लागत नाही.” दीडशे माणसं, सतरा बॅनर, ढोलताशा, सेल्फी काढायला फुलांची कमान, आणि बायकांसाठी चार बांबू आणि एक कापड लावायचं कोणाला सुचलं नाही. मी घरून सुती साडी आणली होती. घाटावर करतात तसा कुंपणालगत आडोसा करायचं आम्ही ठरवलं.

ताई पाण्यातून आल्या त्या शेवटून दहाव्या-बाराव्या. पूर्ण वेळ त्यांचं डोकं पाण्यावर दिसत होतं. बाकीच्यांच्या नुसत्या टोप्या वरखाली होत होत्या, यांचा अख्खा चेहरा दिसत होता, आणि तो रागावलेला होता. चटईवर टुंग वाजलं. ताई पळत कुंपणाशी आल्या. आम्ही चौघींनी साडी धरली. ओले कपडे अंगाला चिकटलेले, कॅमेरेवाले पंचवीस पावलांवर. त्यांनी भराभर कपडे बदलले, ओला बोळा माझ्या हातात दिला, मी तो पिशवीत कोंबला आणि ओरडले, “जा, ताई, जा!” त्या टोपलीची सायकल घेऊन निघाल्या. बाहेर जायच्या चटईपाशी जो बसला होता, तो मोबाईल बघत होता.

मग आम्ही करंजाच्या झाडाखाली बसून नुसत्या वाट बघत होतो. उन्हं चढली. हलक्या, महागड्या सायकली सूं सूं करत परत आल्या. खूप वेळानं टोपली दिसली. ताईंचा चेहरा लालबुंद, ओठ मिटलेले. सायकल उभी केली, डाव्या पोटरीत गोळा आला म्हणून तिथंच पायावर दोन थापडा मारल्या, स्वतःच्याच पायाला काहीतरी शिवी दिली आणि धावायला लागल्या. शेवटचा एक किलोमीटर आम्ही रस्त्याच्या कडेनं त्यांच्याबरोबर चाललो, काही पळालो. माझे गुडघे, आणि मी पळाले! शेवटच्या रेषेवरच्या कमानीतून त्या आत शिरल्या तेव्हा माझ्या घड्याळात दोन तास एकवीस मिनिटं झाली होती. नऊ मिनिटं शिल्लक होती. आम्ही दहाजणी रस्त्यात उभ्या राहून लहान पोरींसारख्या किंचाळलो.

चटई वाजली नाही.

मेडल घेऊन उभी असलेली मुलगी हात मागे घेऊन म्हणाली, “मॅम, तुमचा नंबर येत नाहीये.” तंबूत कॉम्प्युटरवाला बसला होता. त्यानं बघून सांगितलं, “एकशे चौदा पाण्यातून आल्या. त्यानंतर कुठेच नाहीत. सायकलला गेल्याच नाहीत.”

मी पिशवी उघडली. ओल्या सलवारीत ती पट्टी गुंडाळलेली होती. ताईंनी दहा हजार लोकांसमोर घाम गाळला असता तरी कॉम्प्युटरच्या दृष्टीनं त्या दोन तास माझ्या पिशवीत, करंजाच्या झाडाखाली बसून होत्या. मी रडायला लागले.

“तुमचं काही नाही त्याच्यात,” ताई म्हणाल्या. “बांधली मी होती.”

अध्यक्ष आले. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. सगळं ऐकून घेतलं, पट्टी उलटीपालटी करून पाहिली आणि गोड हसले. “मी स्वतः पाहिलं हो ताईंना सायकलवर. दोनदा हात केला मी. पण चिप अंगावर नाही म्हणजे बाद, नियम आहे. सिस्टीमला दिसत नाही तर मी काय करणार? आपण असं करू, ताईंना विशेष प्रेरणा म्हणून शाल-श्रीफळ देऊ.”

मी आयुष्यात इतकी चिडले नव्हते. पण बोलल्या त्या ताईच.

“तुम्ही पाहिलं मले?”

“पाहिलं ना.”

“आपल्या डोळ्यानं?”

“अहो, हो.”

“मंग त्या डब्ब्याले काहून इचारता? माझ्या गाडीत तिकिटाची मशीन बंद पडते. तवा मी हातानं तिकीट फाडते. बसलेल्या माणसाले ‘मशीन बंद हाय, म्हणजे तू बसलाच नाही’ असं म्हणत नाही मी. माणूस दिसते ना समोर!” आवाज चढला होता, सगळे बघत होते. “शाल तुम्ही पांघरा. मले बॅच पाहिजे. शब्द दिला होता तुम्ही.”

“वेळेत पूर्ण केली तर, असं म्हणालो होतो,” अध्यक्ष म्हणाले. “रेकॉर्डला पूर्ण नाही.”

नियम मलाही कळतो. चिप काढली म्हणजे बाद, तर मेडल देऊ नका. पण बॅचचा शब्द कॉम्प्युटरनं दिला नव्हता. तो या माणसानं दिला होता, आणि त्यानं ती बाई रस्त्यावर पाहिली होती, हातही केला होता. मला राग आहे तो याचा. आणि त्याच्या मागे उभी असलेली कमिटीची सात माणसं बुटांकडे बघत होती, त्याचा.

आठवड्यात फळ्यावर नोटीस लागली. मार्चच्या पहिल्या तारखेपासून महिलांची वेळ दुपारी दोन ते तीन.

त्या पहिल्या तारखेला शेंडेताईंनी आम्हाला नेहमीसारखं सहाला बोलावलं. वॉचमननं सवयीनं गेट उघडलं. आम्ही अकराजणी पाण्यात उतरलो. अकॅडमीची पोरं, त्यांचे आईबाप, कोच असे सगळे काठावर येऊन उभे राहिले. “पोट्टेहो, घंटाभर बसा बरं,” ताईंनी पोरांना सांगितलं आणि पोहायला लागल्या. अध्यक्षांना बोलावणं गेलं. ते आले, ओरडले, पोलिसांना बोलावतो म्हणाले. जीवरक्षकाला म्हणाले, काढ यांना बाहेर. तो बिचारा म्हणाला, “साहेब, बायकांना हात कसा लावू?” ताई मान वर ठेवून त्यांच्यासमोरून जात होत्या आणि परत येत होत्या. एकदाही बोलल्या नाहीत. ठोक्याला सात वाजता त्यांनी डोकी मोजली आणि आम्हाला बाहेर काढलं.

पालकांपैकी कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो शहरभर फिरला. कमिटीवर छी-थू व्हायला लागली, तेव्हा अध्यक्षांनी मोठ्या मनाचा आव आणला. सकाळची बॅच कायम ठेवू, पण प्रत्येकीनं माफीनामा द्यावा. तो टाईप करून तयारच होता: ‘माझ्याकडून बेशिस्त वर्तन झाले, याबद्दल मी दिलगीर आहे.’ सही करणार नाही तिचं सभासदत्व रद्द.

“मी काहून लिहून देऊ? शब्द त्याहीनं मोडला, त्याहीनं द्यावा लिहून,” ताई म्हणाल्या. आम्ही काय करायचं, असं कोणीतरी विचारलं. “तुमचं तुम्ही पाहा,” एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही पाहिलं. घरी नवरे म्हणाले, बॅच वाचली ना, सहीचं काय एवढं. आम्हीही एकमेकींना तेच सांगितलं, फोन करकरून सांगितलं. मी तर असंही म्हटलं की आत राहिलो तर ताईंसाठी भांडता येईल. दहाजणींनी सह्या केल्या. माझी तिसरी. अजून कोणी भांडलेलं नाही. कमिटीतल्या माणसांच्या हातातले कप काढून घ्यायला निघालेली मी, माझ्या सहीचं अक्षर छान आहे.

बॅच पुन्हा सुरू झाली त्या सकाळी आम्ही दहाजणी पाण्यात होतो. कोणी मोजलं नाही. साडेसहाच्या सुमाराला रस्त्याकडच्या जाळीबाहेर ताई सायकल थांबवून उभ्या दिसल्या. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटाच्या मशीनची पिशवी, ड्यूटीवर निघालेल्या. एकेक करून आम्ही सगळ्या थांबलो. मी जाळीच्या सर्वांत जवळ होते. आता शिव्या देतील, म्हणून मी मान खाली घातली. मला त्या शिव्या हव्याही होत्या.

“वहिनी, पाणी कसं हाय?” त्यांनी विचारलं.

“थंड आहे,” मी म्हणाले.

“मंग उभ्या काहून राहिल्या? पोहा ना. घंटा चालला.” आणि पायडल मारून त्या डेपोच्या रस्त्याला लागल्या.

मी सात वाजेपर्यंत पाण्यात तशीच उभी होते.